हळदीतले शिसे आणि संशयातली माती : बांगलादेशातील एका तपासाचा प्रकरण अभ्यास

औषधी वनस्पतीच्या मालात शिसे, कॅडमियम, आर्सेनिक किंवा पारा मर्यादेबाहेर आढळला की बोट पहिल्यांदा जमिनीकडे वळते. मुळे आणि कंद मातीतच वाढतात, मातीसकट उपटले जातात आणि पुष्कळदा मातीवरच वाळवले जातात, त्यामुळे या संशयात गैर काही नाही. तरीही प्रत्येक वेळी दोष जमिनीचाच असतो असे गृहीत धरल्याने काय निसटू शकते, हे बांगलादेशातील हळदीच्या प्रकरणातून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दुसऱ्या प्रकरणातून दिसत असेल. हळद पिकवणाऱ्या, विकणाऱ्या आणि रोज फोडणीत घालणाऱ्या आपल्यासारख्या प्रदेशाने हे प्रकरण बारकाईने वाचायला हवे, असे मला मनापासून वाटते.

सुरुवात हळदीपासून झाली नव्हती. ग्रामीण बांगलादेशातील ४३० गरोदर स्त्रियांचे रक्त तपासण्यात आले, तेव्हा त्यांपैकी १३२ जणींच्या, म्हणजे ३१ टक्के स्त्रियांच्या रक्तात दर डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसे निघाले. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि ढाक्यातील आयसीडीडीआर,बी ही आरोग्य संशोधन संस्था यांच्या संशोधकांपुढे त्यामुळे मोठे कोडे उभे राहिले. या स्त्रिया शेतकरी कुटुंबांतल्या होत्या. बांगलादेशात शिसेयुक्त पेट्रोल १९९९ मध्येच बंद झाले होते, आणि गावांतून शिशाचा धूर ओकणारे कारखानेही नव्हते. गरोदरपणात शिसे नाळेतून गर्भापर्यंत पोचते आणि वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. शरीर त्याला कॅल्शियमसारखे वागवते आणि हाडांत साठवून ठेवते, जिथून ते पुढे वर्षानुवर्षे थोडेथोडे रक्तात उतरत राहते. त्यामुळे स्रोत शोधणे हे केवळ अभ्यासाचे काम राहिले नव्हते.

संशयितांची यादी मोठी होती. कीटकनाशके होती, डाख दिलेले अन्नाचे डबे होते, तांदूळ होता, काही गरोदर स्त्रिया खातात ती भाजलेली माती होती, आणि अर्थातच शेतजमीन होती. बांगलादेशात जमिनीवरचा संशय अधिक गडद असण्याला इतिहास आहे. १९९३ मध्ये तिथल्या कूपनलिकांच्या पाण्यात आर्सेनिक असल्याचे उघड झाले आणि पुढे हेच पाणी भातशेतीला दिले गेल्याने माती आणि धान्य या दोहोंत आर्सेनिक पोचत असल्याचे दिसून आले. ज्या देशाने एवढे मोठे संकट भूगर्भातून वर येताना पाहिले, तिथे शिसेही खालूनच आले असेल असे वाटणे साहजिक होते.

येथे थोडे थांबून शिसे आणि माती यांचे नाते पाहिले पाहिजे, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. प्रदूषण नसलेल्या सामान्य शेतजमिनीत दर किलोमागे साधारण १० ते ५० मिलिग्रॅम शिसे नैसर्गिकरीत्याच असते. हे शिसे चिकणमातीच्या कणांना, सेंद्रिय पदार्थाला आणि फॉस्फेटला घट्ट धरून बसते. माती आम्लधर्मी नसेल तर त्यातला अगदी थोडा अंश मातीतल्या पाण्यात उतरतो आणि जो उतरतो त्यातलाही बहुतेक भाग बारीक मुळ्यांतच अडकतो. कॅडमियमचा स्वभाव नेमका उलटा आहे. ते मातीत फारच कमी असते, परंतु जे असते ते सहज सुटते आणि पिकात वर चढते. हिरव्या पानांच्या भाज्यांत आणि काही औषधी वनस्पतींत ते मातीपेक्षाही जास्त प्रमाणात साठलेले आढळते. केवळ वनस्पतींपासून केलेल्या आयुर्वेदिक औषधांसाठी आपल्याकडे शिशाची मर्यादा दर किलोमागे १० मिलिग्रॅम, आर्सेनिकची ३, पाऱ्याची १ आणि कॅडमियमची अवघी ०.३ मिलिग्रॅम आहे. प्रयोगशाळेच्या अहवालात हे चारही धातू एकाखाली एक छापून येतात, म्हणून वाचणारा त्यांना एकाच कुळातले समजतो. कॅडमियमचा आकडा वाढला असेल तर शेत, फॉस्फेटी खत, सांडपाणी आणि मातीचा सामू (आम्ल-अल्कपणाचे माप) यांचा विचार आधी करणे योग्य ठरते. शिशाचा आकडा एकट्यानेच भडकला असेल, तर शेतापलीकडच्या वाटेकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

ही गोष्ट आकड्यांत मांडली की अधिक पटते. समजा हळकुंडे नीट धुतली गेली नाहीत आणि वाळलेल्या मालात वजनाने एक टक्का माती चिकटून राहिली. मातीत दर किलोमागे ५० मिलिग्रॅम शिसे धरले, तरी त्या एक टक्का मातीमुळे हळदीत दर किलोमागे अर्धा मिलिग्रॅम भर पडेल. बांगलादेशातील हळदीच्या नमुन्यांत सर्वाधिक आढळलेले शिसे दर किलोमागे १,१५२ मिलिग्रॅम होते, आणि तिथली कायदेशीर मर्यादा २.५ मिलिग्रॅम होती. म्हणजे पुडीत हळदीऐवजी नुसती शेतातली माती भरून विकली असती, तरी एवढे शिसे त्यात निघाले नसते. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत सोपा आणि सर्वांत भक्कम पुरावा हाच आहे, आणि त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही.

हळदीवर संशय याआधीही आला होता. मुन्शिगंज भागातील लहान मुलांच्या रक्तातील शिशाचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी २०१४ मध्ये घरोघरच्या हळदीत दर किलोमागे ४८३ मिलिग्रॅमपर्यंत शिसे आढळल्याचे प्रसिद्ध केले होते. पण हळदीत शिसे आहे, एवढ्यावरून स्त्रियांच्या रक्तातले शिसे तिथूनच आले हे सिद्ध होत नव्हते. त्यासाठी समस्थानिकांची, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंची, मदत घेण्यात आली. शिशाची चार स्थिर समस्थानिके आहेत. त्यांपैकी २०४ क्रमांकाचे आरंभापासून तेवढेच आहे, तर २०६, २०७ आणि २०८ ही युरेनियम व थोरियम यांच्या ऱ्हासातून वाढत जातात. त्यामुळे निरनिराळ्या खाणींतल्या शिशात त्यांचे परस्पर प्रमाण निराळे असते आणि शिसे वितळवले, रंगात घातले किंवा पोटात गेले तरी ते प्रमाण बदलत नाही. स्त्रियांच्या रक्तातील समस्थानिकांचे हे परस्पर प्रमाण संशयित पदार्थांतील प्रमाणांशी ताडून पाहिल्यावर हळद हाच सर्वांत जुळणारा स्रोत ठरला, आणि हा निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला.

आता हळदीत शिसे कुठे शिरते हे शोधायचे होते. स्टॅनफर्डचे संशोधक जेनी फोर्साइथ आणि स्टीफन लुबी यांच्या गटाने शेतापासून घाऊक बाजारापर्यंतची सगळी साखळी पायाखाली घातली. शेतकरी, गिरणीवाले, व्यापारी मिळून १५२ जणांशी बोलणे झाले आणि हळद, रंग, धूळ व माती यांचे नमुने घेतले गेले. हळद पिकवणाऱ्या नऊ प्रमुख जिल्ह्यांपैकी सात जिल्ह्यांत भेसळीचे पुरावे मिळाले. भेसळीचा पदार्थ होता लेड क्रोमेट, म्हणजे शिसे आणि क्रोमियम यांचे पिवळेधमक संयुग, जे खरे तर रंगकामासाठी वापरले जाते. बाजारात त्याला ‘पिउरी’ असे घरगुती वाटावे असे नाव होते. लेड क्रोमेटमध्ये शिशाच्या एका अणूमागे क्रोमियमचा एक अणू असतो. हळदीच्या नमुन्यात हे दोन्ही धातू त्याच प्रमाणात सापडले की मातीचा प्रश्नच मिटतो, कारण मातीतून आलेल्या शिसे आणि क्रोमियमला असे जोडीने यायचे काहीच कारण नाही. विकल्या जाणाऱ्या रंगात वजनाने ६ ते १० टक्के शिसे होते. त्या हिशेबाने १,१५२ मिलिग्रॅमचा आकडा गाठायला एक किलो हळदीत सुमारे १२ ते १९ ग्रॅम रंग जावा लागतो.

हा रंग नेमका कोणत्या पायरीवर घातला जात होता, ते समजून घेण्यासाठी हळद पॉलिश होताना पाहायला हवी. काढणी झालेली हळद शिजवतात, दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवतात आणि हळकुंड मोडले की खणकन आवाज येऊ लागला म्हणजे ते वाळले असे समजतात. तोवर ते राखाडी-तपकिरी, सुरकुतलेले आणि अगदी सामान्य दिसते. नंतर जाळीच्या फिरत्या पिंपात ती हळकुंडे एकमेकांवर घासली जातात. वरची साल, मुळ्यांचे तंतू आणि चिकटलेली माती जाळीतून खाली गळते, सगळीकडे पिवळट धुरळा उडतो आणि आतून गुळगुळीत, उजळ माल बाहेर पडतो. शेवटच्या काही फेऱ्यांत हळदीचीच पूड पाण्यात कालवून हळकुंडांवर शिंपडण्याची पद्धत जुनी आहे आणि तिच्यात गैर काही नाही. बांगलादेशात हळदीच्या पुडीच्या जागी पिउरी आली ती याच ठिकाणी. पिंप तेच, शिंपडणारा हात तोच, फक्त डब्यातली पूड बदलली. म्हणूनच ही गोष्ट इतकी वर्षे कोणाला फारशी खटकली नसावी.

येथे तपासाचे एक साधे तर्कशास्त्रही हाती लागते. शिसे मातीतून आले असेल तर पॉलिश करताना साल आणि माती गळून पडल्यामुळे ते कमी व्हायला हवे. पॉलिशनंतर ते वाढत असेल, तर ते पिंपातच मिसळले जात आहे. पॉलिशआधीचा आणि पॉलिशनंतरचा असे एकाच ढिगातले दोन नमुने घेतले, तर शेताची निर्दोषता शेतकऱ्याला स्वतःच दाखवून देता येते. आपल्याकडे माल नाकारला गेल्यावर शेतकऱ्याच्या हाती फक्त एक नापास अहवाल पडतो, आणि तो नमुना कोणत्या पायरीवरचा होता हे त्यावर लिहिलेले नसते. त्याचा मला नेहमी त्रास होतो.

व्यापाऱ्यांनी सांगितलेली हकिकत अशी की ही भेसळ १९८० च्या दशकात, एका मोठ्या पुरानंतर सुरू झाली. हळद भिजली, नीट वाळली नाही, काळवंडली, आणि काळवंडलेल्या मालाला गिऱ्हाईक मिळेना. कालवणाला पिवळाजर्द रंग हवा असणारे ग्राहक, हलका माल चांगल्या भावात विकू पाहणारे व्यापारी आणि व्यापारी सांगेल तसे करणारे पॉलिशवाले अशी ती साखळी होती. पूर ओसरला, पण डोळ्यांना एकदा सवय झालेला तो पिवळा रंग बाजारातून गेला नाही. त्यात सामील झालेल्या अनेकांना हा रंग विषारी आहे याची पुरेशी कल्पना नव्हती. मात्र पॉलिशची पिंपे चालवणारे मजूर रोज तो धुरळा श्वासावाटे घेत होते, हे विसरता येत नाही.

साखळीच्या या तपासाचा अहवाल २०१९ च्या सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर जे घडले, ते सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात दुर्मीळ म्हणावे लागेल. बांगलादेशच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने वर्तमानपत्रांतून सूचना दिल्या, हजारो पत्रके बाजारांत लावली, व्यापाऱ्यांच्या बैठका घेतल्या, आणि ढाक्यातील श्यामबाजार या घाऊक पेठेत फिरत्या न्यायालयासह धाड घातली. क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या, हातात धरता येणाऱ्या एक्सआरएफ यंत्राने हळकुंडातील शिसे जागेवरच काही क्षणांत मोजता आले. दोन घाऊक व्यापाऱ्यांना मिळून ८ लाख टाका दंड झाला आणि त्यांचा माल जप्त झाला. कायदा आधीपासून होता. जागेवर मिळणारा पुरावा आणि त्यावर लगेच होणारी शिक्षा एवढीच उणीव होती, ती भरून निघाली. बाजारातील हळदीच्या नमुन्यांपैकी शिसे आढळणाऱ्यांचे प्रमाण २०१९ मध्ये ४७ टक्के होते, ते २०२० मध्ये ५ टक्क्यांवर आणि २०२१ मध्ये शून्यावर आले. पॉलिशच्या गिरण्यांपैकी ३० टक्के गिरण्यांत २०१७ मध्ये हा रंग प्रत्यक्ष सापडला होता, तर २०२१ मध्ये एकाही गिरणीत तो मिळाला नाही. गिरणीतील ज्या मजुरांचे रक्त पुन्हा तपासले गेले, त्यांच्यातील शिशाची पातळी मध्यकाने, म्हणजे मधल्या मजुराच्या हिशेबाने, ३० टक्क्यांनी उतरली. हे मजूर फक्त १५ होते, त्यामुळे या शेवटच्या आकड्यावर फार मोठा भार टाकू नये. पण बाजारातील हळदीचे आकडे स्वतःच बोलके आहेत. जमिनीतून येणारे शिसे दोन वर्षांत असे शून्यावर येत नाही, म्हणून हा निकाल स्रोताच्या निदानाचाही पुरावा मानला पाहिजे.

भारतापुरते बोलायचे तर हा प्रश्न सीमेपलीकडचा राहिलेला नाही. भारत, पाकिस्तान, श्रीलंका आणि नेपाळ या चार देशांतील २३ शहरांमधून घेतलेल्या ३५६ नमुन्यांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील १४ टक्के नमुन्यांत दर किलोमागे २ मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसे होते आणि पाटण्यात, तसेच कराची व पेशावर येथे, १,००० मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिशाची हळद मिळाली. जिथे शिसे १८ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक होते, तिथे शिसे आणि क्रोमियम यांचे अणूंचे प्रमाण पुन्हा एकास एकच्या जवळ होते. आपल्या अन्न सुरक्षा नियमांत हळदीतील शिशाची मर्यादा दर किलोमागे १० मिलिग्रॅम आहे आणि लेड क्रोमेट मुळीच चालत नाही. त्यासाठीची जुनी रासायनिक कसोटीही उपलब्ध आहे. हळदीची राख करून ती सौम्य सल्फ्युरिक आम्लात विरघळवतात आणि डायफिनाइल कार्बाझाइड घालतात, तेव्हा गुलाबी रंग आला तर क्रोमेट असल्याचे समजते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या साध्या प्रयोगशाळेतही ही कसोटी करता येते.

महाराष्ट्रात हळदीचे सौदे सांगलीत पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहेत. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये आणि त्याआधी वर्ध्याकडच्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि हिंगोली-वसमतचा पट्टा आज मोठ्या प्रमाणावर हळद पिकवतो. सौद्यात मूठभर हळकुंडे हातात घेऊन, मोडून, डोळ्यांनी पारखून भाव ठरतो. त्या पारखीत रंगाला मोठे वजन आहे. रंगाला भाव मिळतो तिथे रंग घालण्याचा मोह उभा राहू शकतो, हे बांगलादेशच्या अनुभवावरून गंभीरपणे घ्यायला हवे. कुरकुमीन या हळदीतल्या पिवळ्या घटकाचे प्रमाण आणि शिशाची तपासणी यांवर भावाचा काही भाग ठरू लागला, तर चोख माल आणणाऱ्या शेतकऱ्याला त्याच्या चोखपणाचे पैसे मिळतील. औषधी कंपन्या हळदीची खरेदी करताना अशा तपासण्या मागतातही. ज्या माणसाने नऊ महिने पीक सांभाळले, त्याला हा हिशेब सौद्याच्या आवारातच मिळावा असे मला वाटते.

आणि मातीचा प्रश्न राहतोच, फक्त त्याची जागा बदलते. बांगलादेशातील पॉलिशच्या गिरण्यांभोवतीच्या मातीत दर किलोमागे ४,२५७ मिलिग्रॅमपर्यंत शिसे आढळले. हे शिसे पिंपातून उडालेल्या धुरळ्याबरोबर तिथे पडले होते, म्हणजे या ठिकाणी धातूचा प्रवास हळदीकडून मातीकडे झाला. शिसे कुजत नाही, पाण्याबरोबर फारसे खाली उतरत नाही आणि वरच्या काही सेंटिमीटरच्या थरात दशकानुदशके राहते. २०२१ मध्ये बाजारातली हळद स्वच्छ झाली, म्हणून ही अंगणे स्वच्छ झाली असे होत नाही. अशाच अंगणात लहान मुले खेळतात, कोंबड्या चरतात, आणि जागा मोकळी असली की पुढच्या हंगामाचा माल वाळत घातला जातो. स्वच्छ शेतातून आलेली हळद, शतावरी किंवा अश्वगंधेची ओली मुळे तिथल्या उघड्या जमिनीवर पसरली, तर वर केलेल्या हिशेबाप्रमाणे एक टक्का माती चिकटली तरी त्यांत दर किलोमागे ४० मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसे जाऊ शकते, म्हणजे औषधी मालाच्या मर्यादेच्या चौपट. शेतातल्या मातीचा नमुना अशा वेळी निर्दोष निघेल आणि मालाचा नमुना नापास होईल. त्या अंगणातला वरचा थर खरवडून सुरक्षित जागी पुरणे, त्यावर स्वच्छ मातीचा जाड थर किंवा फरशी घालणे, फॉस्फेट मिसळून शिसे अविद्राव्य रूपात बांधून ठेवणे, हे उपाय माहीत असलेले आहेत आणि त्यांतला कोणता कुठे करायचा हे जागेवरच्या मोजमापावरून ठरते. तोपर्यंत वाळवण ताडपत्रीवर किंवा सिमेंटच्या खळ्यावरच व्हावे आणि मातीचा नमुना घेणाऱ्याने शेतातल्या चार कोपऱ्यांबरोबर वाळवणाच्या जागेवरची मूठभर मातीही वेगळ्या पिशवीत भरून, वेगळी नोंद करून पाठवावी.